करवलीचा हात

हात नुसता हातात घेतला, की शहजादीला त्या बाईचं निम्मं घर कळायचं. खुरप्याचा हात निराळा, चुलीपाशी पोळलेला निराळा, वहीपेनाचा निराळा. घोडनदीत, म्हणजे शिरूरला, जुनी माणसं अजूनही घोडनदीच म्हणतात, तिच्या सासऱ्यांपासूनचं बांगड्यांचं दुकान होतं. लग्नसराईत ती पेटी घेऊन भीमेच्या अल्याडपल्याडची पंधरा-वीस गावं फिरायची. मणेरीण दारात आली म्हणजे लग्नघराला खरं लग्नघरपण यायचं. बायका तिला भाभी म्हणत, पोरी चाची. हात कितीही आखडलेला असो, रुंद हाडाचा असो, ती अंगठा असा काही दुमडून घ्यायची की बांगडी कधी चढली ते बाईला कळायचंही नाही. या कसबाचा तिला अभिमान होता आणि तो ती लपवत नसे.

दोन हजार तीनच्या एप्रिलमध्ये ती दौंड तालुक्यातल्या खुटबावला सावळाराम आप्पांच्या घरी गेली. आप्पा दूध सोसायटीचे चेअरमन. गावात तंटा कुणाचाही असो, आप्पांनी दोन्ही बाजूंना सोसायटीच्या ओट्यावर बसवायचं आणि तासाभरात निकाल द्यायचा, अशी रीतच पडून गेली होती. त्यांच्या थोरल्याचं, सत्यजीतचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. पडवीत सतरंजी टाकलेली. नवरदेवाची आई सरूबाई पहिली बसली, मग नवरदेवाची आत्या भागुबाई, मग चुलत्या, मावश्या, शेजारणी. दोन तास हिरव्या बांगड्यांची किणकिण चालली होती.

"आता करवली," शहजादी म्हणाली. "कुठं हाय आमची वैष्णवी?"

वैष्णवी सत्यजीतची धाकटी बहीण. सतरा वर्षांची, शिरूरला होस्टेलवर राहून अकरावी सायन्स करणारी. परीक्षा देऊन ती नुकतीच घरी आली होती. एवढ्या उन्हाच्या कारात तिने मनगटापर्यंत बाह्यांचा ड्रेस घातला होता. ती खांबाला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "मला नको बांगड्या."

बायकांत हशा पिकला. भागुबाई उठलीच. "करवलीच मोकळ्या हातानं मिरवणार व्हय? शिकल्या म्हणून काय रीत सोडायची?" असं म्हणत तिने पोरीचा डावा हात धरून ओढला.

वैष्णवीने आवाज केला नाही. ओठ दातांत धरून ती जागच्या जागी थिजली. हात ओढल्यावर बायका कशा कळवळतात ते शहजादीला पाठ होतं. दुखत असताना मुद्दाम गप्प राहणारं माणूस मात्र तिने आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

"आत्याबाई, सोडा तिचा हात," ती म्हणाली. आवाज मऊ होता, पण त्यात हुकूम होता. "करवलीच्या बांगड्या अशा घाईत भरत न्हाईत. हिचं माप निराळं हाय. मला निवांत बघू द्या."

बांगडीच्या बाबतीत मणेरणीपुढे कोण बोलणार? भागुबाईने हात सोडला. शहजादीने पेटी मिटली आणि पोरीला घेऊन ती धान्याच्या खोलीत गेली. दार लोटलं, पण कडी लावली नाही. पोरगी ज्वारीच्या पोत्यावर बसली.

"हाताला काय लागलंय?"

"काय न्हाई. होस्टेलच्या जिन्यात पडले."

"बरं." शहजादी समोर जमिनीवर बसली. "म्या वढून बघणार न्हाई. हात तुझा हाय, तू दाखवशील तवा बघीन. येवढंच सांग, दुखतंय का?"

बाहेर कुणीतरी उखाणा घेत होतं. वैष्णवी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मग तिने हळूहळू बाही वर केली.

या जखमा पडून झालेल्या नव्हत्या, हे शहजादीला पाहताक्षणी कळलं. काही जुन्या होत्या, एक-दोन अगदी ताज्या. पण मनातलं तिने चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. आपला चेहरा बदलला तर ही पोरगी बाही खाली ओढेल आणि पुन्हा कधीच वर करणार नाही, हे ती जाणून होती.

"चाची, मी येडी न्हाई."

"न्हाईसच."

"आन् लोकांनी बघावं म्हणून बी करत न्हाई."

"लोकांनी बघावं असं असतं तर येवढ्या उकाड्यात बाह्या कशाला घातल्या असत्यास?"

त्यावर वैष्णवीचा बांध फुटला. रडू आलं नाही, शब्द आले. दहावीला चौऱ्याऐंशी टक्के पडले तेव्हा आप्पांनी अख्ख्या गावाला पेढे वाटले होते. शिरूरला गेल्यावर पहिल्या चाचणीत ती फिजिक्सला नापास झाली. जन्मात पहिल्यांदा. खोलीतल्या बाकीच्या पोरी एकमेकींच्या ओळखीच्या, हिच्याशी कुणी फारसं बोलत नसे. रविवारी आप्पांचा फोन यायचा, "आमची डॉक्टरीणबाई काय म्हणतीया?" ती म्हणायची, "बरंय."

"पर नुसतं तेवढ्यामुळं न्हाई चाची. मलाच नीट सांगता येत न्हाई. आत लय गच्च होतं. रडाय बी येत न्हाई. मग असं करून बसते. घटकाभर वाटतं सुटले, आन् मग येवढी लाज वाटते... दुसऱ्या दिवशी आधीच्यापेक्षा जास्त गच्च."

पोरगी थांबल्यावर शहजादीने विचारलं, "एक विचारते, रागवू नको. मरावंसं वाटतं का तुला?"

वैष्णवी दचकली नाही. उलट तिचे खांदे सैल पडले, जणू हा प्रश्न कुणीतरी विचारायची ती वाटच पाहत होती. "कवा कवा वाटतं, सकाळी उठूच नये. पर तसलं काय करायचं मनात न्हाई. खरंच न्हाई."

"आन् आलं मनात तर?"

"कुणाला सांगू?"

"तेच तर ठरवायचंय आता. तुझ्या आईला सांगू. आजच."

"नको! लग्न हाय घरात. चाची, तुम्ही कुणाला सांगणार न्हाई म्हणा ना."

"चारचौघीत न्हाई सांगणार, येवढं वचन देते. कुणालाच न्हाई, असं न्हाई देत. लग्न चार दिवसांनी हाय, तुझी जखम आजची हाय."

शहजादीला एवढं ठामपणे बोलता आलं, कारण ही चूक ती एकदा करून बसली होती. तिच्या बहिणीचा मुलगा सोहेब, कोरेगाव भीमाचा. सहा वर्षांपूर्वी तोही असाच गप्प गप्प झाला होता, आणि त्याच्या हातावर असंच काही दिसलं होतं. तेव्हा शहजादीनेच घर डोक्यावर घेतलं. आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावून तिने त्याला शपथ घातली. सोहेबने शपथ घेतली. झालं काय, तर करायचं थांबलं नाही, दाखवायचं थांबलं. पुढे पाच महिन्यांनी एका डॉक्टरांनी सगळ्यांना समोर बसवून समजावलं, तेव्हा कुठे तो सावरायला लागला. आता सोहेब एका कारखान्यात फिटर होता, लग्न होऊन त्याला मुलगीही झाली होती. पण ते पाच महिने आपल्या शपथेने वाया गेले, हे शहजादी विसरली नव्हती.

सरूबाईला आत बोलावलं. पोरीने स्वतःच बाही वर केली. सरूबाईने आधी कपाळावर हात मारला, मग तोच हात पोरीवर उगारला. शहजादीने तो वरच्या वर धरला.

"कोण हाय त्यो?" सरूबाई रडत ओरडली. "कुणाच्या नादी लागलीस?"

"कुणी न्हाई गं आई."

"मग आमचं काय चुकलं? घे शपथ माझ्या गळ्याची, पुन्यांदा असं करणार न्हाई म्हण!"

"सरूबाई, शपथ नगा घालू," शहजादी म्हणाली. "पाळली न्हाई गेली तर पोरगी तुमच्यापासनं लपवंल. आज तिनं तुम्हाला दाखवलंय. ह्ये लय मोठं हाय. ह्येच्यावर फुंकर घाला, इस्तू नगा टाकू."

सरूबाई खाली बसली. बऱ्याच वेळाने तिने पोरीचं मनगट आपल्या मांडीवर घेतलं आणि पदराने, अगदी हलक्या हाताने, जखमेच्या भोवतालचा घाम टिपला. "मला का न्हाई सांगितलंस?" एवढंच ती म्हणाली. त्यात आता राग नव्हता.

त्याच दुपारी मायलेकी कापड आणायचं निमित्त करून केडगावला गेल्या आणि डॉक्टरांकडून जखम बांधून आल्या. करवलीसाठी खास बांगड्या शिरूरहून आणाव्या लागतील, असं शहजादीने पडवीत जाहीर करून टाकलं. लग्नात वैष्णवी लांब बाह्यांच्या पोलक्यात करवली म्हणून उभी राहिली. आईने तिला चार दिवस नजरेआड होऊ दिलं नाही, आणि भागुबाईला कामाला एवढं जुंपलं की तिला कुणाच्या मनगटाकडे बघायला फुरसत मिळाली नाही.

आप्पांना सांगितलं ते मांडव उतरल्यावर. तिसऱ्या दिवशी सरूबाईने गावातल्या बूथवरून शिरूरला फोन केला. शहजादीच्या शेजारच्या किराणा दुकानात फोन होता.

"भाभी, ह्यांनी ऐकून घेतलं आन् लगेच निकाल दिला. कॉलेज बंद. औंदा दिवाळीनंतर हिचं बी उरकून टाकू म्हणत्यात. 'तिला कमी काय केलंय आपण?' ह्येच एक सारखं."

"पोरगी?"

"जेवली न्हाई कालधरनं."

शहजादीने थोडा विचार केला. आप्पांसारख्या माणसाला बाईमाणसाने कितीही सांगितलं तरी तो ऐकून घेईल आणि निकाल तोच ठेवील. त्यांना साक्षीदार हवा होता. तिने कोरेगावला निरोप धाडला.

सोहेब रविवारी मोटरसायकल घेऊन आला. मावशीला मागे बसवून न्हावऱ्यावरून, पारगावचा पूल ओलांडून त्याने खुटबावला आणलं. वाटेत शहजादीने विचारलं, "तुला जड न्हाई ना जाणार? नको असंल तर म्या एकटीच बोलीन."

"जाईल थोडं जड," सोहेब म्हणाला. "पर कुणीतरी माझ्या अब्बांशी असं बोललं असतं तर बरं झालं असतं, असं मला लय वाटायचं."

आप्पांनी पाहुणचार केला, चहा झाला. मग ते म्हणाले, "भाभी, तुम्ही आमच्या घरच्याच हाय. पर ह्यो आमच्या घरातला विषय हाय. आन् खरं सांगू का, ही शिकलेल्या पोरांची थेरं हायत. आमच्या वेळी कुणाला येळ व्हता असलं करायला?"

सोहेबने कप खाली ठेवला. शर्टाची बाही त्याने कोपरापर्यंत दुमडली आणि हात आप्पांच्या समोर धरला. फिकट झालेल्या जुन्या खुणा होत्या, नीट बघितल्याशिवाय दिसू नयेत अशा.

"मामा, माझा बाप ट्रकवर दिवसरात राबायचा. त्यांनी बी मला ह्येच विचारलं, तुला कमी काय पडलं? मला उत्तरच देता यायचं न्हाई. कमी काहीच नव्हतं. आन् तरी आतून जीव घुसमटायचा. मग मला वाटायचं, आपणच नालायक हाय, येवढं सगळं मिळून बी असं वाटतंय. त्यांनी प्रश्न विचारला की माझा अपराध वाढायचा."

आप्पा त्या हाताकडे बघत राहिले. पोराच्या वयाचा, कमावता, धडधाकट माणूस. हे थेर म्हणून झटकता येईना.

"मग थांबलं कसं?" त्यांनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"एका दिवसात न्हाई थांबलं. दवाखान्यात जात व्हतो, वरसभर. घरच्यांनी रागवायचं सोडलं. एक दोस्त व्हता, काय न बोलता संगं बसायचा. मधी दोनदा पुन्हा झालं. पर त्ये मी सांगितलं, लपवलं न्हाई. तिथनं फरक पडला."

"आन् लग्न करून दिलं तर?"

"मामा, घर बदलून मन बदलत न्हाई. ज्याच्या घरात जाईल त्यो तर तिला वळखत बी न्हाई."

दाराआड वैष्णवी उभी होती, हे शहजादीला दिसत होतं. आप्पांना बहुधा दिसत नव्हतं. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, बराच वेळ तोंडावर तसंच धरून ठेवलं, आणि मग विचारलं, "दवाखाना कुठं म्हणायचा?"

दौंडला एका दवाखान्यात पुण्याहून मनाच्या आजाराच्या डॉक्टरीणबाई दर गुरुवारी येत. खुटबावच्या स्टेशनावरून पॅसेंजरने वैष्णवी आईबरोबर जाऊ लागली. पहिल्या दोन खेपांना ती काहीच बोलली नाही, तिसऱ्या खेपेला तासभर बोलली. गोळ्या थोड्या होत्या, बोलणं जास्त. बाईंनी सरूबाईलाही समोर बसवून सांगितलं की पोरगी नाटकं करत नाही आणि तिचं डोकंही फिरलेलं नाही. सोसवेना तेव्हा तिला एकच वाट माहीत होती, आता दुसऱ्या वाटा शिकवायच्या आणि तोवर घरात ज्याने इजा होईल ते हाताशी ठेवायचं नाही. एका कागदावर त्यांनी वैष्णवीला लिहायला लावलं, की आत गच्च झालं की आधी कुणाकडे जायचं. वैष्णवीने आई लिहिलं. मग शिरूरची चाची, मग डॉक्टरीणबाई.

एका गुरुवारी आप्पाही बरोबर गेले. कागद बघून ते गोरेमोरे झाले. "ह्यात माझं नाव का न्हाई?"

बाई म्हणाल्या, "विचारा तिलाच."

"आप्पा, तुम्ही निकाल लवकर देता," वैष्णवी म्हणाली.

हे आप्पांनी स्वतः शहजादीला सांगितलं, शिरूरच्या मार्केट यार्डात कांदा घालून दुकानावर आले होते तेव्हा. "भाभी, तीस वरसं लोकांचे तंटे मिटवले. आन् पोरगी म्हणती तुम्हाला ऐकता येत न्हाई." ते हसले, पण डोळे हसत नव्हते.

"मग शिका की," शहजादी म्हणाली. "तिला म्हणा, निकाल न्हाई देणार, नुसता ऐकीन. आन् दिला तर तिनं थांबवायचं."

त्यांनी ते मनावर घेतलं. सोपं गेलं नाही. संध्याकाळी डेअरीवरून आले की ते पोरीला घेऊन कॅनॉलच्या कडेने फिरायला जायचे, आणि सरूबाई सांगायची, पहिले पंधरा दिवस दोघं नुसते उसाकडे बघून परत यायचे. मग हळूहळू पोरगी बोलायला लागली. सायन्स तिला नको होतं. आप्पांच्या ओठावर आलेलं त्यांनी गिळलं आणि विचारलं, "मग काय आवडतं?" तिला नकाशे आवडायचे. जूनमध्ये तिने दौंडच्या कॉलेजात बारावी आर्ट्सला नाव घातलं, घरून गाडीने जायचं म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीत मात्र घसरलं. का, ते तिलाही नेमकं सांगता आलं नाही. पाहुण्यांनी घर भरलं होतं, कुणीतरी सगळ्यांसमोर म्हणालं, "डॉक्टरकी सुटली म्हणं?" दुपारी पुन्हा ते घडलं. सहा महिने नीट गेले होते.

त्यानंतर जे घडलं ते सरूबाईने शहजादीला फोनवर तीनदा सांगितलं. वैष्णवी हातावर रुमाल धरून थेट सोसायटीच्या ओट्याकडे गेली. तिथे आप्पांसमोर बांधाच्या भांडणाचे दोन्ही पक्ष बसले होते, पाच-पंचवीस माणसं. ती कडेला उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, घरी चला." आप्पांनी तिच्याकडे एकदा बघितलं. उठले, चपला घातल्या. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, निकाल?" आप्पा म्हणाले, "आज न्हाई." वाटेत त्यांनी काही विचारलं नाही. नुसता तिच्या खांद्यावर हात ठेवून चालले. घरी आल्यावर जखम धुतली, बांधली, आणि म्हणाले, "आलीस ते बरं केलंस." त्या गुरुवारी कागदावर चौथं नाव चढलं.

"म्हंजी पुन्हा पहिल्यापासनं का हो भाभी?" सरूबाईने फोनवर विचारलं.

"न्हाई वो," शहजादी म्हणाली. "मागल्या टायमाला ती वरसभर लपवत व्हती. ह्या टायमाला अर्ध्या तासात बापाकडं गेली. पोरगी लय पुढं आलीया."

आणि तसंच होतं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आणखी एकदा पाय घसरला, त्यानंतर नाही. डॉक्टरीणबाईंनी खेपा महिन्यावर आणल्या, मग दोन महिन्यांवर. एक गोष्ट मात्र सुटत नव्हती. सरूबाई पोरीला बोलायलाच भ्यायची. दूध उतू गेलं, वेळेवर घरी आली नाही, तरी "असू दे बाळा" म्हणायची. घरातले सगळे पाय न वाजवता चालायचे. "आई माझ्याशी पाहुण्यासारखी वागती," वैष्णवीने एकदा शहजादीजवळ तक्रार केली होती.

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत खुटबावात एक लग्न होतं. ते आटोपून शहजादी सहज आप्पांच्या घरी डोकावली, तर आतून कडाडून आवाज येत होते.

"न्हाई म्हंजी न्हाई!" सरूबाई पोळपाटावर लाटणं आपटत होती. "पाच दिवस? कोकणात? त्यो समुद्र काय तुझ्या आप्पांचा कॅनॉल हाय व्हय?"

"आई, भूगोलाची सहल हाय! सगळी पोरं चाललीत. तू काय मला कुलपात ठेवणार का?"

"तोंड बघा केवढं झालंय! परवा कपडे वाळत टाकायला सांगितलं तवा ऐकू आलं न्हाई, आता सहल ऐकू येतीया बरी!"

"दोन दिवस झाले त्येला! किती उगाळशील?"

वैष्णवी चांगली ओरडत होती, गळ्याच्या शिरा ताणून. सरूबाई तिच्या वरचढ. शहजादी दारातच थबकली. मग आत जाऊन तिने स्वतःच माठातलं पाणी घेतलं, पाट ओढला आणि भिंतीला टेकून बसली. पोरीच्या गळ्यातून एवढा आवाज निघतो हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

"बघा भाभी, तुम्हीच सांगा हिला," सरूबाई म्हणाली. "आन् तुम्ही हसताय काय?"

"चाची, तुम्हीच सांगा आईला," वैष्णवी म्हणाली.

"म्या कशाला सांगू?" शहजादी म्हणाली. "भांडा तुम्ही. माझी चारची गाडी गेली तरी चालंल."

सरूबाईने तिच्याकडे रोखून बघितलं, आणि मग एकदम तिच्या ध्यानात आलं. लाटणं तिच्या हातात तसंच राहिलं. पण क्षणभरच. लगेच ती लेकीकडे वळली आणि दुप्पट जोराने म्हणाली, "आन् जायचंच असलं तर गरम स्वेटर घेऊन जायचं, सांगून ठेवते!"

"कोकणात स्वेटर?" वैष्णवी ओरडली, आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.